मालमत्ता गोठवण्याचा हुकूम चुकवण्यास मदत : दिवाणी दायित्व (गोवा)

दाव्याचा निकाल लागेपर्यंत ऋणकोने मालमत्ता विकू, दडवू किंवा हद्दीबाहेर नेऊ नये असा हुकूम न्यायालय देते. तो माहीत असूनही ऋणकोला हात देणाऱ्या त्रयस्थाकडून (नातेवाईक, भागीदार, खरेदीदार, बँक) धनकोला काय वसूल करता येते, हा या नोंदीचा विषय आहे.

गोव्यात दिवाणी प्रक्रिया संहिता १५ जून १९६६ पासून लागू आहे. तिच्या ऑर्डर (नियमांचे प्रकरण) ३८ नियम ५ खाली निकालापूर्वी जप्ती होते, तर ऑर्डर ३९ नियम १ खाली मनाई हुकूम मिळतो. जप्तीआधी प्रतिवादीला तारण देण्याची किंवा कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते. ती न देता झालेली जप्ती नियम ५(४) प्रमाणे शून्य ठरते आणि तिच्याबरोबर मदतनिसावरचा आरोपही ढासळतो. सशर्त जप्ती मात्र नोटिशीसोबतच मिळू शकते. रामन टेक खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की ही असाधारण सत्ता आहे आणि विनातारण कर्ज तारणी करून घेण्यासाठी ती वापरता येत नाही.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर बराच खल झाला आहे. बार्कलेज बँकेच्या खटल्यात (२००६) हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की हुकूम मिळूनही बँकेने निष्काळजीपणे पैसे जाऊ दिले, तरी हुकूम मिळवणाऱ्याप्रती काळजीचे कर्तव्य नसल्याने भरपाई मिळत नाही. याउलट ख्रापुनोव खटल्यात (२०१८) तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हुकूम मोडण्यासाठी केलेले संगनमत हे भरपाईस पात्र अपकृत्य (दिवाणी स्वरूपाचा अपराध) मानले. एकात हयगय होती, दुसऱ्यात हेतू. हे निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात उपयोगी पडतात.

आपल्याकडे भरपाईच्या दाव्यापेक्षा व्यवहार निष्प्रभ करणे हा खात्रीचा मार्ग आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे जप्तीनंतरचे खासगी हस्तांतर जप्तीखालील दाव्यांपुरते शून्य असते. अपवाद एकच : जप्तीपूर्वी झालेल्या आणि नोंदणी केलेल्या करारानुसार झालेले हस्तांतर. जप्तीच्या आधीच घाईने मालमत्ता फिरवली असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ लागते. धनकोंना फसवण्यासाठी केलेले हस्तांतर त्यांच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. मोबदला देऊन सद्‌भावाने घेणारा खरेदीदार वाचतो, फुकटात बक्षीसपत्र घेणाऱ्या भावाला ते संरक्षण नाही.

ऋणकोचे पैसे ज्याच्याकडे येणे आहेत, त्याच्यावर ऑर्डर २१ नियम ४६ चा मनाई हुकूम बजावता येतो. त्याने रक्कम कोर्टात भरली की तो मोकळा होतो. ४६अ च्या नोटिशीनंतरही तो भरणा करत नसेल किंवा हरकतही घेत नसेल, तर ४६ब खालचा हुकूम त्याच्याविरुद्ध हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. गोव्यात भाडेकरू, हॉटेलचालक, बार्जचे भाडे देणारी कंपनी अशांच्या बाबतीत हा मार्ग सर्वांत कामाचा आहे.

मनाई मोडणाऱ्याला ऑर्डर ३९ नियम २अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. जप्ती एक वर्षाहून अधिक चालत नाही. अवज्ञा सुरूच राहिली तर मालमत्ता विकून आलेल्या रकमेतून नुकसान झालेल्याला भरपाई देता येते. सीताराम विरुद्ध बलबीर खटल्यानुसार, पक्षकार नसलेली व्यक्तीही हुकूम ठाऊक असताना मदत केल्यास न्यायालयाच्या अवमानासाठी दोषी ठरते. अवमानाची कारवाई एक वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते.

म्हणून सगळे काही ‘ठाऊक होते’ हे सिद्ध करण्यावर येऊन थांबते. हुकूम निघाला म्हणजे जप्ती झाली असे नव्हे. स्थावर मालमत्तेसाठी ऑर्डर २१ नियम ५४ प्रमाणे दवंडी पिटणे, जागेवर आणि कोर्टात प्रत डकवणे, सारा भरणारी जमीन असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयात आणि गावची जमीन असल्यास पंचायतीतही प्रत लावणे आवश्यक असते. बेलिफाच्या (हुकूम बजावणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याच्या) अहवालात यातले एक पाऊल गाळले गेले की वकील तिथेच बोट ठेवतो. सर्व्हे क्रमांकाचा पोटविभाग चुकला, तर खरेदीदार सहज सुटतो. त्यामुळे फॉर्म एक आणि चौदाचा (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीचा) ताजा उतारा अर्जाला जोडावा. दुय्यम निबंधकाकडे प्रत त्याच दिवशी हाती पोचवून पोच घ्यावी, आणि वारसाहक्काचा हिस्सा असेल तर विशेष नोटरीलाही (गोव्यात वारसा व हक्कत्यागाचे दस्त करणारा अधिकारी) कळवावे. तिथल्या हक्कत्यागपत्राने ऋणकोचा वाटा एका सकाळीत भावंडांकडे जाऊ शकतो.

गोव्याच्या समाईक मालमत्ता पद्धतीत विवाहपूर्व करार नसल्यास पती-पत्नी दोघेही अर्ध्या हिस्सेदार असतात. पत्नीने ऑर्डर २१ नियम ५८ खाली आपल्या अर्ध्या वाट्यावर हक्क सांगणे म्हणजे हुकूम चुकवणे नव्हे. ती पतीच्या वाट्याचे पैसे स्वतःच्या खात्यात वळवू लागली, तर मात्र चित्र बदलते. ऋण कुटुंबासाठी घेतले असल्यास दाव्यात सुरुवातीपासूनच दोघांना प्रतिवादी करणे शहाणपणाचे.

उलट बाजूही लक्षात घ्यावी : पुरेशा आधाराविना घेतलेल्या जप्तीबद्दल संहितेच्या कलम ९५ खाली न्यायालय अर्जदाराला ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकते.