मान टाकलेलं बोन्साय: तहानलेलं की बुडालेलं?

मे महिन्यात दुपारी चारला गच्चीवर जावं आणि कालपर्यंत टवटवीत असलेल्या बोन्सायने मान टाकलेली दिसावी. पानं लोंबलेली, शेंडे मऊ पडलेले. नागपुरात पारा ४५ अंशांना टेकलेला असताना हे दिसलं की हात आपसूक झारीकडे जातो. माझाही गेला होता. आठ वर्षं वाढवलेल्या नांदरुकाला मी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. सहाव्या दिवशी ट्रेमधून काढलं, तर मुळांना बोट लागताच त्यांची साल निघून हातात आली. आत नुसता दोरा उरला होता. ते झाड पाण्याने मेलं.

तहानलेलं आणि बुडालेलं झाड वरून सारखं दिसतं, कारण दोघांची तक्रार एकच असते: पानापर्यंत पाणी पोचत नाही. पहिल्याच्या ट्रेमध्ये पाणीच नसतं. दुसऱ्याच्या ट्रेमध्ये भरपूर असतं, पण मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. हवेशिवाय मूळ काम करत नाही, पाणी ओढू शकत नाही आणि थोड्याच दिवसांत कुजायला लागतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्याकडे त्यासाठी ‘वाफसा’ हा नेमका शब्द आहे. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. बोन्सायला पाणी घालणं म्हणजे तळहाताएवढ्या ट्रेमध्ये वाफसा सांभाळणं. नुसतं पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात, असं जपानमध्ये म्हणतात ते उगाच नाही.

उथळ ट्रेमध्ये हे का अवघड जातं, ते स्वयंपाकघरात पाहता येतं. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळायला लागेल. मातीचंही तसंच असतं. निचरा झाला तरी तळाशी ठरावीक उंचीचा थर ओलागच्च राहतो, आणि ती उंची कणांच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा तो थर ३ सेंटिमीटरचा आहे. २५ सेंटिमीटर खोल कुंडीत तो जेमतेम आठवा हिस्सा झाला. ५ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये अर्ध्याहून जास्त मुळं त्यातच उभी राहतात. म्हणून बागेतली चिकट काळी माती बोन्सायला चालत नाही. तळाला खडी पसरून निचरा सुधारतो ही समजूतही सोडून द्यावी. ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांना उरलेली जागा आणखी कमी होते.

आता ओळख. तहानलेल्या झाडाची पानं कडांकडून आणि टोकांकडून तपकिरी होतात, हातात घेतली तर कुरकुरतात. बुडालेल्या झाडाची पानं मऊच राहून पिवळी पडतात, बहुधा आतली जुनी आधी. फांदीला हलका धक्का लागला तरी चार-दोन गळतात, कधी हिरवीच्या हिरवी. नवे कोंब काळपट होतात. पण माझा पानांवर फारसा विश्वास नाही. नांदरूक, वड, उंबर ही मंडळी कुठल्याही त्रासाला पानं गाळूनच उत्तर देतात. खरं काय ते माती सांगते.

ट्रे दोन्ही हातांनी उचला. तहानलेला ट्रे चकित व्हावं इतका हलका लागतो आणि माती कडेपासून सुटून बारीक फट पडलेली असते. बुडालेला ट्रे जड असतो. तळाच्या भोकाला नाक लावलं तर आंबूस, गटारासारखा वास येतो. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास असतो. तरी शंका उरली तर कबाबची बांबूची काडी खोडापासून थोडी दूर, तळापर्यंत खोचा आणि दहा मिनिटांनी काढा. वरचा थर कोरडा ठणठणीत आणि काडीचं खालचं टोक ओलं, काळपट, असं उन्हाळ्यात सर्रास दिसतं. वरच्या मातीला बोट लावून पाणी घालणारे तिथेच फसतात.

या दोघांमध्ये तिसराच एक प्रकार लुडबुड करतो. माती व्यवस्थित ओलसर, मुळं धडधाकट, तरी भर दुपारी पानं लोंबतात, कारण पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळं ते पुरवू शकत नाहीत. असं झाड सूर्य कलला की सावरतं, सकाळी ताठ उभं असतं. त्याला जादा पाणी नको, सावली हवी. सकाळीही मान खालीच असेल, तर मात्र वरच्या दोनपैकी एक दुखणं आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मी ट्रे सिमेंटच्या स्लॅबवरून उचलून लाकडी पाटावर, हिरव्या जाळीखाली ठेवते. ट्रेला हात लावून पाहावा. आपल्या हाताला चटका बसत असेल तर आतल्या मुळांचं काय होत असेल! पाइपमध्ये साचलेलं पाणीही दुपारी चहाइतकं कढत असतं. ते आधी वाहू द्यावं. आणि एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर बोन्साय कधीच ठेवू नये.

तहानलेलं झाड वाचवणं तुलनेने सोपं. फक्त वरून झारीने घातलेलं पाणी अशा वेळी उपयोगी पडत नाही. पार वाळलेली माती पाणी धरत नाही, ते कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. त्याऐवजी टबमध्ये मातीच्या वर येईल इतकं पाणी घेऊन ट्रे आख्खा बुडवा. बुडबुडे येतील. ते थांबले की काढा, निथळू द्या, सावलीत ठेवा. लगेच खत घालू नका.

बुडालेल्याला आधी पाणी तोडा. ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून तो तिरपा करा; स्पंज उभा केल्यावर पाणी गळतं, तेच इथे होतं. भोकं मुळांनी किंवा गाळाने बुजलीत का तेही बघा. दोन-तीन दिवसांत वास गेला नाही, तर मे महिना असला तरी झाड बाहेर काढावंच लागतं. मुळकूज ऋतूसाठी थांबत नाही. काळी, बुळबुळीत मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने घट्ट, निरोगी भागापर्यंत कापा. नांदरूक-वडाची मुळं बरीच गेली असतील तर काही पानंही उतरवा, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार येत नाही. मग पुन्हा ट्रेमध्ये नको. मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं मोठी अशी मातीची कुंडी घ्या. विटांचा ३ ते ५ मिलिमीटरचा चुरा (धूळ चाळून, धुऊन), जाड वाळू आणि थोडंसं कंपोस्ट एवढं पुरे. झाड हलणार नाही असं तारेने बांधा, कारण हलत्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात. एकदा भरपूर पाणी द्या. पुढचं पाणी काडी सांगेल तेव्हा. वरून पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण थेट ऊन नको. कृषी सेवा केंद्रात मिळणारं ट्रायकोडर्मा (मुळकुजीशी लढणारी उपयोगी बुरशी) वापरायला हरकत नाही, फक्त त्याच्या जोडीला रासायनिक बुरशीनाशक नको. ते ट्रायकोडर्मालाच मारू शकतं.

अडेनियम असेल तर खोड दाबून पाहा. तहानेने ते सगळीकडून सारखं सुरकुततं आणि किंचित दबतं. कुजताना एकाच जागी पिचपिचीत होतं. जेडची पानं तहानेने सुरकुततात, जादा पाण्याने पिवळट आणि पाणीदार होऊन गळतात. बोगनवेलीला थोडी तहान मानवते. संत्र्याला बहारासाठी ताण देतात तसा तिला दिला की ती फुलते. जुनिपर सगळ्यात फसवं. मुळं मेली तरी ते कित्येक आठवडे हिरवं दिसतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

सगळी पानं झडली म्हणून झाड टाकून देऊ नका. फांदीवर नखाने हलकेच खरवडा. सालीखाली हिरवी ओली रेघ दिसली तर ते जिवंत आहे. फांदी तपकिरी निघाली तर खाली सरकत खोडापर्यंत या. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका वडाला फक्त बुंध्याजवळ अशी रेघ सापडली होती. जूनभर त्याच्यावर काहीच दिसलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या लाकडातून, जिथे कधी फांदी नव्हती तिथून, तांबूस टोकाचा एक कोंब बाहेर आला.