प्रोस्टेटच्या साध्या वाढीचा कॅन्सर होत नाही

वाढलेल्या प्रोस्टेटकडे दुर्लक्ष केलं की पुढे तिचाच कॅन्सर होतो, ही समजूत घराघरांत आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी कित्येक जण भीतीने डॉक्टरकडे जायचंच टाळतात.

मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून ही ग्रंथी असते. वयानुसार होणारी साधी वाढ मूत्रमार्गालगतच्या आतल्या भागात होते. म्हणूनच लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावं लागतं. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला सहसा काहीच त्रास देत नाही.

वाढीचं कारण ब्रह्मचर्यही नाही आणि लैंगिक अतिरेकही नाही. वय आणि पुरुषी हार्मोन, मुख्यतः एवढंच. टेस्टोस्टेरॉनचं ग्रंथीत अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे रूपांतर करणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं. १९७४ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: त्या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहिली होती. हेच एन्झाइम रोखून प्रोस्टेट आकसवणारं फिनास्टेराइड हे औषध याच धाग्यावरून आलं.

दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, हे मात्र खरं. साध्या वाढीच्या ऑपरेशनमध्ये आतला भाग काढतात, बाहेरचा तसाच राहतो. त्यामुळे ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील ती पीएसए तपासणी (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची रक्तातली पातळी पाहणारी) चुकवू नये.