दोन फेऱ्या फिरवल्या आणि बेल्टवरच्या रेषा सरकल्या, म्हणजे टायमिंग चुकलं का?

घरी टायमिंग बेल्ट बदलणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी घाबरतात. गाडी जुनी सँट्रो असो, मारुती ८०० असो की डिझेल इंडिका, सगळं खोलून झालेलं असतं, नवीन बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेषा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (झडपा म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या पुल्यांवरच्या खुणांशी अगदी बरोबर जुळवून बेल्ट चढवलेला असतो, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर लावलेला असतो, मग मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणून रॅचेटने इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवतात आणि बघतात तर बेल्टवरच्या रेषा भलतीकडेच गेलेल्या. लगेच कोणीतरी ठामपणे सांगतं, बेल्टने दात सोडला, काढ परत. की परत काढायचा, परत लावायचा, परत फिरवायचं आणि परत तेच. यात चूक ना बेल्टची असते ना लावणाऱ्याची. यामागे सहावी-सातवीचं गणित आहे, आणि मला ते फार आवडतं म्हणून हा लेख.

आधी थोडं मूळ. फोर स्ट्रोक इंजिनात हवा आत, दाब, स्फोट, धूर बाहेर ही चार कामं व्हायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात, आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह फक्त एकदाच उघडायचा असतो, म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरायला हवा. यासाठी कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात देतात आणि दोघांना दातेरी बेल्टने बांधतात. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते, डिझेल स्विफ्टच्या १.३ लिटर इंजिनात चेनच आहे, म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. हे दातेरी बेल्ट १९४०च्या दशकात अमेरिकेत आले ते शिलाई मशीनसाठी, आणि मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत कॅम फिरवायला असा बेल्ट पहिल्यांदा लागला तो १९६२ साली जर्मनीच्या ग्लास १००४ या गाडीत.

बेल्ट तुटला तर कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, क्रँक मात्र गाडीच्या वेगामुळे फिरतच असतो आणि पिस्टन वर येऊन त्या व्हॉल्व्हवर आदळतात. डिझेल इंजिनात तर पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) मध्ये साधारण एक मिलिमीटरच जागा असते, तिथे कित्येक मिलिमीटर खाली आलेला व्हॉल्व्ह कुठे मावणार? व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत इतकी जागा सोडलेली असते की टक्कर होत नाही, पण आपलं इंजिन कोणत्या प्रकारातलं हे माहीत नसेल तर टक्कर होणार असंच धरून चालावं.

आता त्या सरकलेल्या रेषा. उदाहरणासाठी क्रँक पुलीला २० दात, कॅम पुलीला ४० आणि बेल्टला १०५ दात धरू. अशा बेल्टमध्ये दोन दातांमधलं अंतर बऱ्याचदा ९.५२५ मिलिमीटर असतं, म्हणजे १०५ दातांचा बेल्ट जवळजवळ बरोबर एक मीटर लांब झाला. क्रँकने दोन फेऱ्या मारल्या की ४० दात पुढे गेले, कॅमची एक फेरी पूर्ण झाली, म्हणून क्रँकची खूण आणि कॅमची खूण दोन्ही जागेवर आल्या. बेल्ट मात्र १०५ पैकी ४० दातच सरकलाय, त्याची अजून अर्धीसुद्धा फेरी झालेली नाही, मग त्याच्यावरच्या रेषा जागेवर कशा येतील? क्रँकसमोरची रेषा परत क्रँकच्या खुणेसमोर यायला २० आणि १०५ यांचा लसावि काढायचा, तो ४२०, म्हणजे क्रँकच्या २१ फेऱ्या आणि बेल्टच्या ४. पण २१ हा विषम आकडा, तेव्हा कॅम साडेदहा फेऱ्या फिरलेला असतो आणि त्याची खूण बरोबर उलट्या बाजूला असते. कॅमसकट सगळं जुळायला ४० आणि १०५ यांचा लसावि, ८४०, म्हणजे क्रँकच्या ४२ फेऱ्या. रॅचेटने ४२ फेऱ्या मारून बघायच्या तर हात भरून येतात, पण इंजिन ८०० आरपीएमवर आयडलिंगला असताना हाच योग साधारण दर तीन सेकंदांनी येतो, कव्हरच्या आत असतो म्हणून दिसत नाही एवढंच.

हे अंगारकीसारखं आहे. वार सात दिवसांनी फिरतो, संकष्टी साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, आणि ती मंगळवारी पडली की अंगारकी. एखाद्या महिन्यात संकष्टी बुधवारी आली म्हणून कोणी कॅलेंडर चुकलं म्हणत नाही, दोन चक्रांच्या लांबी वेगळ्या आहेत एवढंच आपण समजतो, बेल्टचंही तसंच.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त सुंदर वाटते. बेल्टला १०५ऐवजी सरळ १०० दात दिले तर? मग लसावि १००, म्हणजे दर पाच फेऱ्यांनी रेषा क्रँकसमोर, ऐकायला सोयीचं. पण अशा बेल्टचा प्रत्येक दात आयुष्यभर क्रँकच्या एकाच खाचेत बसणार. आणि क्रँकच्या सगळ्या खाचांवर सारखा भार नसतो, चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दबतात आणि सुटतात त्याही ठरलेल्या जागी, म्हणून जोराचा झटका प्रत्येक फेरीत त्याच त्या ठराविक खाचांवर येतो. त्या खाचांत बेल्टचे तेच ते दात येत राहिले तर तेवढेच झिजतात, आणि तेवढेच दात गेले तरी सगळा बेल्टच गेला. १०५ दात असले की मसावि ५ येतो, २० भागिले ५ म्हणजे बेल्टचा प्रत्येक दात चार वेगवेगळ्या खाचांत आळीपाळीने जातो. १०१ असले तर मसावि १, तेव्हा प्रत्येक दात सगळ्याच्या सगळ्या वीस खाचा फिरतो आणि झटका सगळ्यांत वाटला जातो. गिअरबॉक्समध्येही दातांचे आकडे निवडताना हाच विचार असतो. बेल्टचे दात अर्थात पुल्या कुठे बसवल्यात त्यावरही ठरतात, सगळं काही मसाविवर नसतं, पण सरळ पटीत येणारा आकडा टाळता आला तर टाळलेला बरा. याचं महत्त्व कळायला आणखी एक हिशोब, ताशी ६० किमी वेगाला इंजिन २००० आरपीएमवर असेल तर एका किलोमीटरला क्रँकच्या २००० फेऱ्या, ४०,००० दात, म्हणजे बेल्टच्या सुमारे ३८१ फेऱ्या. ६०,००० किमीला सव्वादोन कोटींच्या वर. प्रत्येक दाताने तेवढ्या वेळा क्रँकच्या खाचेत शिरून बाहेर यायचं.

मग दोन फेऱ्यांनंतर बघायचं काय? पुल्यांवरच्या खुणा, म्हणजे क्रँकची इंजिनवरच्या खुणेसमोर आणि कॅमची हेडवरच्या खुणेसमोर. बेल्टवरच्या रेषा फक्त बसवताना दात मोजायचा त्रास वाचावा म्हणून असतात. खरंच एक दात चुकला असेल तर ते पुलीवर स्पष्ट दिसतं, २० दातांच्या क्रँकवर एक दात म्हणजे १८ अंश आणि कॅमवर ९ अंश, नजरेतून सुटण्याइतकं ते लहान नाही. आणि फक्त क्रँकची खूण बघून समाधान मानू नका, ती प्रत्येक फेरीला जागेवर येते, कॅमची मात्र एक फेरी सोडून एक.

चूक होते ती बहुतेक वेळा ढिलाईच्या बाजूमुळे. क्रँक बेल्टला ज्या बाजूने ओढतो ती बाजू आधी ताठ लागली पाहिजे आणि सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला जमली पाहिजे, म्हणून बेल्ट क्रँकपासून चढवत ताठ बाजूने कॅमकडे न्यायचा आणि टेन्शनरवर सगळ्यात शेवटी. जुना बेल्ट काढताना कॅम पुलीवर हात ठेवून बघा, व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमच्या उंचवट्याला ढकलत असते, पुली थोडी हलली की ती झटक्यात स्वतःहून पुढे पळते. पुली जागेवर धरून ठेवणारी लॉकिंग पिन असेल तर ती घालावीच.

दिसायला चांगला आहे मग कशाला बदलायचा, असंही सारखं ऐकू येतं. बेल्टचा जोर त्याच्या आतल्या काचेच्या धाग्यांत असतो, रबर फक्त त्यांना धरून ठेवतं आणि दातांना आकार देतं, वर नायलॉनचं कापड झिजेपासून वाचवतं. साध्या नायट्राइल रबरात कार्बनचे दुहेरी बंध असतात, उष्णता आणि ओझोन तिथेच हल्ला करतात, म्हणून आजकालच्या बेल्टमध्ये हायड्रोजन घालून त्यातले बहुतेक बंध भरून टाकलेलं रबर वापरतात. तरीही ते म्हातारं होतं, गाडी उभी असली तरी, त्यामुळे कंपनी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही देते आणि जे आधी भरेल ते धरायचं. धागे तर बाहेरून दिसतच नाहीत. बेल्टचं आयुष्य वाढवतो म्हणून जो स्प्रे विकतात तो टायमिंग बेल्टवर अजिबात मारू नका, अशा द्रवांनी आणि तेलाने रबर फुगतं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार जरूर घाला, पण बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने रबराचं वय थांबत नाही.

नवा बेल्ट हातात आल्यावर घडी घालू नका, उलटा करू नका, काचेचे धागे तीव्र वळणावर तुटतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. टेन्शनर आणि आयडलरच्या (बेल्टला वाट देणाऱ्या मोकळ्या पुलीच्या) बेअरिंग त्याच वेळी नव्या घाला, वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण पंप गळून कूलंट बेल्टवर आलं की सगळं परत खोलायचं. बऱ्याच गाड्यांत इंजिनचं एक माउंटिंग (इंजिनला गाडीवर धरून ठेवणारा आधार) सोडावं लागतं, तेव्हा ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.

आणि त्या दोन फेऱ्या रॅचेटनेच मारायच्या, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, सावकाश, स्पार्क प्लग काढलेले असतील तर आणखी बरं, कारण मग कॉम्प्रेशनचा जोर लागत नाही आणि हाताला जे जाणवेल ते खरं असतं. मध्येच कुठे रॅचेट कडक अडला तर जोर लावू नका, तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. थोडं मागे घ्या, बेल्ट उतरवा, पुल्यांच्या खुणा पहिल्यापासून लावा, आणि दोन्ही खुणांमधले बेल्टचे दात मॅन्युअलशी मोजून मगच कव्हर बसवा.