डिजिटल मिक्सरने तबला मागे पडतो का?

‘डिजिटल मिक्सर आवाज उशिरा देतो, त्यामुळे गायक-तबलजी तालातून सुटतात; लाइव्हला ॲनालॉगच घ्या’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. (मिक्सर म्हणजे माइकांचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारे यंत्र; डिजिटल मिक्सर त्यासाठी आवाज आकड्यांत बदलतो, ॲनालॉग बदलत नाही.) उशीर होतो, हे खरे. प्रश्न किती, हा आहे.

आजच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये माइकपासून आउटपुटपर्यंत साधारण 1 ते 3 मिलिसेकंद जातात. मुंबईच्या 30 अंशांत आवाज हवेतून 1 मिलिसेकंदात सुमारे 35 सेंटीमीटर जातो. म्हणजे 2 मिलिसेकंदांचा उशीर हा मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) 70 सेंटीमीटर मागे सरकवल्याइतकाच. गिरगावातल्या मंडपात मॉनिटर गायकापासून 2 मीटरवर असला, तर ॲनालॉगवरही जवळपास 6 मिलिसेकंद हवेतच जातात आणि ताल सुटत नाही.

स्वतः मोजा. डायनॅमिक माइक (ज्याला वीजपुरवठा लागत नाही असा) वाय-केबलने, म्हणजे एकाची दोन टोके करणाऱ्या वायरने, दोन वाटांना लावा: एक थेट रेकॉर्डरच्या डाव्या इनपुटला, दुसरी मिक्सरमधून उजव्या इनपुटला. 48 किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाची 48,000 मोजमापे, म्हणजे सॅम्पल) टिचकी रेकॉर्ड करून आलेखावरच्या दोन्ही शिखरांतले अंतर पाहा. 96 सॅम्पल म्हणजे 2 मिलिसेकंद.

तक्रार निराधार मात्र नाही. ब्लूटूथ स्पीकर मॉनिटर म्हणून लावला की उशीर सहज 100 मिलिसेकंदांपलीकडे जातो, आणि तिथे ताल खरोखर तुटतो. इन-इअरवर (कानात घालायच्या मॉनिटरवर) गायकाला स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येतो. त्यात 1 मिलिसेकंद उशिराचा आवाज मिसळला तर 500 हर्ट्झच्या आसपास पोकळपणा जाणवतो. तिथे उशीर वाढवणारे लॅपटॉपवरचे इफेक्ट काढा.