अर्थिंग (घरगुती)

विद्युत उपकरणाचा धातूचा सांगाडा तारेने जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडशी जोडण्याच्या व्यवस्थेला अर्थिंग म्हणतात. आतल्या वायरचे इन्सुलेशन जळून फेज (वीज घेऊन येणारी जिवंत तार) सांगाड्याला टेकली, तर प्रवाह माणसाच्या अंगातून न जाता या तारेने जमिनीत जावा आणि पुरवठा लगेच तुटावा, हा तिचा हेतू. यातला दुसरा भाग सहसा विसरला जातो, आणि जीव जातो तो त्यामुळेच.

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. वायरिंगमध्ये फेजची वायर लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलची (प्रवाह परत नेणाऱ्या तारेची) काळी आणि अर्थची हिरवी वा हिरवी-पिवळी घालण्याची पद्धत आहे. ट्रान्सफॉर्मरपाशी, म्हणजे गावाकडच्या भाषेत डीपीवर, न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते. मग अर्थची वेगळी वायर कशाला, असे वाटून काही जण बोर्डातच न्यूट्रलवरून एक तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडतात. हे अत्यंत घातक आहे. मागे कुठे न्यूट्रल सुटली, की फेज उपकरणाच्या आतून फिरून त्या तुकड्यावाटे सांगाड्यावर येते. उपकरण बंद पडलेले दिसते, म्हणून माणूस काय झाले ते पाहायला नेमका त्यालाच हात लावतो.

थ्री-पिन प्लगची अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड व लांब असते. लांबीमुळे ती आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. टू-पिन सॉकेटात बसावा म्हणून ही पिन कापणे किंवा इस्त्री, मिक्सर, कूलरला दोन तारांची वायर लावणे म्हणजे संरक्षण काढून टाकणे.

इलेक्ट्रोड म्हणून बहुधा सुमारे अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा पुरतात. पारंपरिक खड्ड्यात त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ भरतात आणि वरून पाणी घालायला नरसाळे ठेवतात. भारतीय मानक आयएस ३०४३ या विषयाचे आहे. खड्ड्याचा गुण मातीवर ठरतो. ओलसर काळ्या जमिनीत रोध कमी मिळतो, मुरमात आणि खडकात बराच जास्त. काळी जमीनही उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो, म्हणून उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते.

हिशेब करून पाहावा. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल, तर डीपीकडचा रोध सोडून दिल्यास २३० व्होल्टला ४६ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) तेवढ्याने ट्रिप होतो, पण त्यालाही काही सेकंद लागू शकतात. मुरमातल्या खड्ड्याचा रोध ५० ओहम निघाला, तर वाहतात जेमतेम ४.६ अँपिअर. एमसीबी हलतसुद्धा नाही आणि गीझरच्या टाकीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज तसेच राहते. फ्यूज आणि एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतात. माणसाला तीसेक मिलिअँपिअरही धोकादायक ठरू शकतात.

फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून ‘अर्थिंग चांगले आहे’ असे सांगण्याची चाल आहे. १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. खड्डा ५० ओहमचा असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो लख्ख पेटतो. खरी मोजणी अर्थ टेस्टरनेच होते, आणि ती परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.

म्हणूनच आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, हवा. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. माणसांच्या रक्षणासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. फरक तेवढा झाला, की तो सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात पुरवठा तोडतो. ५० ओहमच्या खड्ड्यावरही तो चोख काम करतो. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर त्याला फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो बायपास केला जातो. तो पडतो, कारण कुठेतरी प्रवाह खरोखरच गळत असतो: अंगणातल्या दिव्याच्या होल्डरात पाणी गेलेले असते, पंपाचा जॉइंट भिजलेला असतो किंवा पत्र्याला वायर घासलेली असते. सर्व प्लग काढून ते एकेक करून परत लावत गेले, की दोष उपकरणात आहे का ते कळते. प्लग काढूनही तो पडत राहिला, तर दोष वायरिंगमध्ये असतो. तो निघेपर्यंत मेन स्विच बंदच ठेवावा आणि त्या पत्र्याला बांधलेल्या तारेवर कपडे वाळत घालू नयेत.