बिड वेगळी अन् रिलीज क्लॉज वेगळा, एकदाचं समजून घ्या

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायचा-विकायचा ठरलेला काळ, उघडली की दरसाल तेच. समोरच्या क्लबनं आपल्या स्ट्रायकरसाठी बिड टाकली अशी बातमी येते, अन् पाच मिनिटात कोणीतरी लिहिते, "गेला आता पोट्टा, एवढे पैसे देऊन राहिले तर द्यावाच लागते." त्याच्यावर दुसरा, "काऊन द्यावा लागते, रिजेक्ट मारा." मंग तिसरा रिलीज क्लॉज, म्हणजे खेळाडूच्या करारात आधीच लिहिलेला सोडायचा आकडा, घेऊन येते, की त्याचा क्लॉज एवढा आहे तर बिडही तेवढीच पाहिजे, अन् रात्रीची लाइन असली तर मोटर चालू करून धुऱ्यावर बसल्या बसल्याही हे भांडण चालूच राहते. भांडणाचा मले राग नाही, फुटबॉलवर भांडायलेच पाहिजे. राग याचा येते की तिघं तीन वेगळ्या गोष्टींवर बोलून राहतात अन् एकालेही पत्ता नाही.

बिडवर मी जास्त वेळ नाही घालवत. आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्याले बोली काय ते सांगायची गरज नाही, २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहमध्ये पंतची बोली २७ कोटीवर गेली ती सगळ्यांनी पाहिली. फक्त एवढं ध्यानात ठेवा, तिथं हातोडा पडला की खेळाडू गेला. फुटबॉलमध्ये हातोडाच नाही. बिड म्हणजे एका क्लबनं दुसऱ्या क्लबले पाठवलेला प्रस्ताव, की इतके आत्ता देतो, इतके नंतर देतो, द्या तुमचा माणूस. समोरचा क्लब नाही म्हणू शकते, कारण न सांगता नाही म्हणू शकते, बाजारभावाच्या दुप्पट आले तरी नाही म्हणू शकते. बस, बिड संपली.

सगळा गोंधळ क्लॉजमध्ये आहे. रिलीज क्लॉज विकत घेणाऱ्या क्लबचा नसतेच. तो खेळाडू अन् त्याचा स्वतःचा क्लब यांच्यातला करार आहे, सही होते त्याच दिवशी लिहिलेला, की अमुक रक्कम कोणी आणली तर मले अडवायचं नाही. आपल्याकडे वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचा बगीचा झाडावरच विकतात ना, व्यापारी येते, फळ पाहते, आकडा सांगते, मालकाले नाही पटला तर चहा पाजून वापस पाठवते, ही झाली बिड. पण मालकानं बटईवाल्याले आधीच स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं असन की आठ लाख घेऊन जो येईन त्याले बगीचा द्यायचा, तर भाव चढून बारावर गेला तरी आठवाल्याले अडवता येत नाही, कितीही जीव जळो. हा झाला क्लॉज. म्हणून कोणतीही बातमी आली की आधी एकच पाहा, नाही म्हणायचा हक्क कोणाजवळ आहे. बिडमध्ये तो क्लबजवळ राहते. क्लॉजमध्ये क्लबनं तो आधीच सोडून दिलेला राहते, आता नाही म्हणू शकते तर फक्त खेळाडू.

२०२५ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडनं दोन्ही गोष्टी एकाच विंडोत करून दाखवल्या. वुल्व्ह्जच्या कुन्याचा क्लॉज ६.२५ कोटी पाउंडचा होता. युनायटेडनं तेवढी तयारी दाखवली, वुल्व्ह्जले वाटो न वाटो, जूनमध्येच काम झालं. ब्रेंटफोर्डच्या एमब्यूमोचा असा क्लॉज नव्हता, तिथं पहिली बिड गेली, ब्रेंटफोर्ड नाही म्हणाले, मंग वाढवली, मंग अजून वाढवली, अन् जुलै अर्धा उलटल्यावर ६.५ कोटी अधिक बोनस असं करून जमलं. आपल्या पोट्ट्यांनी तेव्हा एमब्यूमोच्या डीलवरून युनायटेडच्या बोर्डाले लय शिव्या दिल्या, की कुन्या लवकर येते तर हा काऊन नाही येत. अरे, कुन्याच्या वेळी कोणाले मनवायचंच नव्हतं! हालँडचंही तेच. २०२२ मध्ये त्याचा जर्मनीतला क्लब डॉर्टमुंड त्याले खुल्या बाजारात विकतं तर कितीतरी जास्त मिळवतं, पण क्लॉज ६ कोटी युरोचा होता, मँचेस्टर सिटीनं तो लागू केला अन् डॉर्टमुंडले गपचूप द्यावा लागला.

आता तो तिसरा, क्लॉजएवढीच बिड पाहिजे म्हणणारा. हे साफ चूक आहे. क्लॉजचा आकडा म्हणजे त्याच्यावर क्लबले नाही म्हणता येत नाही एवढंच, त्याच्या खाली सौदा होत नाही असं कुठं लिहिलं नसते. २०२५ चाच स्ट्रायकर ग्योकेरेस पाहा, त्याचा पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमधला क्लॉज १० कोटी युरोचा होता. त्याच्या एजंटचं म्हणणं, कमी पैशात सोडायचा शब्द दिलता. क्लबचे अध्यक्ष म्हणाले, असं काही ठरलं नव्हतं. घासाघीस पार जुलैच्या शेवटापर्यंत चालली अन् आर्सेनलनं त्याले ६.३५ कोटी युरो अधिक १ कोटी बोनसमध्ये नेला. ही क्लॉजखालची साधी बिडच होती, स्पोर्टिंगनं स्वतःच्या मर्जीनं हो म्हटलं. अन् त्या तोंडी शब्दाचं म्हणाल तर कागदावर नाही ते क्लॉज नाही. मी याच्यावर कोणाशीच वाद घालत नाही.

न्यूकॅसलचा स्ट्रायकर इसाक, त्याचं प्रकरणही २०२५ च्याच उन्हाळ्यातलं, अन् सगळ्यात जास्त डोकं याच्यावरच फुटलं. मार्चमध्ये यानंच लीग कपच्या फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध गोल मारलता, न्यूकॅसल २-१ नं जिंकलं, ७० वर्षांनी देशातली मोठी ट्रॉफी आली. अन् ऑगस्ट लागला की त्याच लिव्हरपूलची ११ कोटी पाउंडची बिड. न्यूकॅसलनं नाही म्हटलं. लिव्हरपूलवाले म्हणून राहिले की एवढ्या पैशाले नाही म्हणणं म्हणजे खेळाडूचा छळ आहे. मले हे पटलंच नाही, अजूनही नाही पटत. त्याच्या करारात रिलीज क्लॉज नव्हता, करार २०२८ पर्यंतचा होता, मंग नाही म्हणायचा हक्क पूर्ण न्यूकॅसलचा. त्यानं सरावाले जाणं बंद केलं, वचन दिलतं ते मोडलं असं जाहीर लिहिलं, क्लबनं उत्तर दिलं की आमच्या कोणत्याच अधिकाऱ्यानं असा शब्द दिलेला नाही. शेवटी विंडोच्या शेवटच्या दिवशी, १ सप्टेंबरले, १२.५ कोटी पाउंडले तो गेला, इंग्लंडमधला विक्रम. पण पाहा, तो कधी गेला? न्यूकॅसलनं त्याच्या जागी वोल्टमाडे घेतला, विस्साची सोय केली, भाव दीड कोटीनं चढवला अन् मंग हो म्हटलं. एका महिन्यात एवढं पदरात पडलं ते नाही म्हणता येत होतं म्हणूनच.

आता खरा पेच, जिथं शहाणेही फसतात. क्लॉज आहे, पण रिलीज क्लॉज नाही. २०१३, लिव्हरपूलचा सुआरेझ. आर्सेनलच्या कानावर आलं की त्याच्या करारात ४ कोटी पाउंडच्या वर असं काहीतरी लिहिलं आहे. त्यांनी बिड पाठवली ४,००,००,००१ पाउंडची. चार कोटी अन् वर एक पाउंड! तो एक पाउंड फक्त ‘वर’ या शब्दासाठी होता. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी ट्विटरवर विचारलं की तिकडं एमिरेट्समध्ये (आर्सेनलच्या स्टेडियमात) हे लोक काय फुंकून राहिले? खेळाडूंच्या संघटनेकडून तेव्हा सांगितलं गेलं की त्या ओळीचा अर्थ तेवढी ऑफर आली तर बसून प्रामाणिकपणे बोलणी करायची असा आहे, माणूस सोडूनच द्यायचा असा नाही. अन् पुढच्या मार्चमध्ये हेन्रीच एका परिषदेत म्हणाले की ४ कोटीचा क्लॉज होता, आम्ही विकायचं नाही असं ठरवलं. म्हणजे आर्सेनलले कळलं की बिड टाकायले कुठलाही आकडा चालते, पण त्यानं दरवाजा उघडते की फक्त वाजते, हे करारातली भाषा ठरवते. सुआरेझ राहिला, त्या सीझनले लीगमध्ये ३१ गोल मारले, लिव्हरपूल दोन पॉइंटनं टायटल हुकलं, अन् २०१४ मध्ये तो बराच महाग होऊन बार्सिलोनाले गेला. आर्सेनलच्या त्या एक पाउंडवर लोक अजूनही हसतात, मले मात्र वाटते चूक पाउंडाची नव्हती, वकिलाकडून पूर्ण ओळ वाचून घ्यायची राहिली.

स्पेनमध्ये असा घोळ होत नाही, काऊन की तिथं ते कायद्यातच आहे. १९८५ च्या शाही आदेशानं खेळाडूले भरपाई देऊन करार मोडायचा हक्क दिला, म्हणून तिथल्या करारात आकडा राहतेच. अन् पैसे भरते तो कागदोपत्री खेळाडूच. नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसच्या पीएसजीले जाऊन राहिला होता, तेव्हा ३ ऑगस्ट २०१७ ले त्याचे वकील २२.२ कोटी युरो भरायले ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, तिच्या ऑफिसात गेले, लीगनं घ्यायले नकार दिला, तर ते सरळ बार्सिलोनाच्या ऑफिसात जाऊन नेमारच्या नावानं भरून आले. पीएसजीनं बार्सिलोनाले ‘देता का’ असं विचारायची गरजच नव्हती. यानंतर तिकडच्या क्लबांनी आकडे असे फुगवले की कोणी हातच लावू नये, रियल माद्रिदच्या बेन्झेमाचा १०० कोटी युरोचा होता. तो आकडा पाहून "याची किंमत १०० कोटी" असं लिहिणाऱ्यांनी कृपा करून थांबावं, ती किंमत नाही, ते कुलूप आहे.

क्लॉज भरायची तयारी झाली म्हणजे खेळाडू आला, हेही नाही. २०२४ मध्ये लिव्हरपूल स्पेनच्या रियल सोसिएदाद क्लबातल्या झुबिमेंडीचा ६ कोटी युरोचा क्लॉज द्यायले तयार होतं, तोच म्हणाला मी सोसिएदादमध्येच राहतो, विषय संपला. अन् क्लॉजचे पैसे बहुतेक वेळा एकरकमी लागतात. हप्ते पाहिजे असले तर पुन्हा क्लबलेच विचारावं लागते, म्हणजे फिरून बिडच्याच दारात. २०२३ च्या जानेवारीत एन्झो फर्नांडिससाठी चेल्सीनं पोर्तुगालच्या बेनफिकाले १२.१ कोटी युरो दिले, क्लॉज १२ चा होता. वरचे देऊन हप्ते पाडून घेतले.

बाकी बारीकसारीक. टीम खालच्या लीगमध्ये घसरली (रेलिगेट झाली) तरच लागू होणारे क्लॉज राहतात, इप्सविच रेलिगेट झालं म्हणून त्यांचा स्ट्रायकर डेलॅप ३ कोटी पाउंडात चेल्सीले मिळाला. काही क्लॉज तारखेवर बदलतात, अॅटलेटिको माद्रिदच्या ग्रिझमनचा १ जुलै २०१९ ले २० वरून १२ कोटी युरोवर आला अन् बार्सिलोनानं त्याच महिन्यात भरला. अन् आकडा टाकताना पुढं चलन लिहा राजेहो. हालँडच्या वेळी एक म्हणे ६, दुसरा म्हणे ५.१, रात्रभर एकमेकाले खोटं पाडून राहिले, अन् एक युरोत बोलत होता, दुसरा पाउंडात.