बांडुंगला अलिप्ततावादी चळवळ जन्मली नाही

'1955 साली बांडुंग परिषदेत अलिप्ततावादी चळवळ स्थापन झाली' हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये वर्षानुवर्षे फिरतंय. ते चूक आहे. (ही चळवळ म्हणजे शीतयुद्धात अमेरिका किंवा सोव्हिएत संघ यांपैकी कुणाच्याही लष्करी गटात न जाणाऱ्या देशांची.)

इंडोनेशियातल्या बांडुंगला (18 ते 24 एप्रिल 1955) आशिया-आफ्रिकेतले 29 देश जमले होते. यादी नीट पाहिली तरी घोळ लक्षात येतो: तुर्कस्तान नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटात, पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपिन्स सिएटो या अमेरिकाप्रणीत आग्नेय आशियाई गटात, तर चीनचा सोव्हिएत संघाशी 1950 चा लष्करी करार. यांना अलिप्त कसं म्हणायचं? शिवाय चळवळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या राष्ट्राध्यक्ष टिटोंचा युगोस्लाव्हिया तिथे नव्हताच, तो युरोपातला.

चळवळ उभी राहिली ती युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडला, सप्टेंबर 1961 मध्ये, 25 सदस्य देशांसह. त्याआधी जूनमध्ये कैरोत तयारीची बैठक झाली आणि प्रवेशाचे पाच निकष ठरले. खरी मेख त्यांच्या शब्दरचनेत आहे. लष्करी करार किंवा परकीय तळ सरसकट वर्ज्य नव्हते. 'महासत्तांच्या संघर्षाच्या संदर्भात' केलेले वर्ज्य होते. म्हणूनच आपल्या भूमीवर ग्वांतानामोत अमेरिकी तळ असूनही क्युबा बेलग्रेडला सदस्य म्हणून बसू शकला. पाकिस्तानला मात्र 1979 पर्यंत थांबावं लागलं, सेंटो हा पाश्चात्त्य देशांशी जोडलेला लष्करी करार सोडल्यावरच प्रवेश मिळाला.

आणखी एक गल्लत: अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे. तटस्थता ही युद्धकाळातली कायदेशीर स्थिती, तिचे नियम 1907 च्या हेग करारांत आहेत. अलिप्त देशाला मात्र बाजू घ्यायला मुभा असते. उलट, स्वातंत्र्य चळवळींना पाठिंबा देणं हा त्या पाच निकषांपैकीच एक होता.